घरच्या घरी मोबाइलवर नजर तपासताना: आधी टेप, मग अ‍ॅप

आईची नजर मी पहिल्यांदा मोबाइलवर तपासली तेव्हा तिचा उजवा डोळा ६/९ आला आणि डावा ६/२४ (खालचा आकडा जितका मोठा, तितकी नजर कमी). "मला तर सगळं नीट दिसतं," ती म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं. दोन्ही डोळे उघडे असले की धडधाकट डोळा दुसऱ्याचं काम गुपचूप ओढून नेतो. पुढे डॉक्टरांकडे डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. आईची नजर तपासली त्याच संध्याकाळी हुरूप येऊन मी स्वतःचा उजवा डोळा दोन वेगळ्या अ‍ॅपवर तपासला होता. एकाने ६/५ देऊन मला घारीच्या पंक्तीला बसवलं, दुसऱ्याने ६/१२ देऊन खाली उतरवलं. दहा मिनिटांत डोळा बदलत नाही. बदललं होतं अंतर. एकदा मी फोन हातात धरला होता, एकदा समोरच्या टेबलावर ठेवला होता, आणि दोन्ही वेळा "साधारण एवढं असेल" असं म्हणून सुरुवात केली होती.

तेव्हापासून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे: आधी मीटर टेप, मग पट्टी, मग अ‍ॅप.

अ‍ॅप नेमकं काय मोजतं

डॉक्टरांच्या भिंतीवरचा खाली खाली बारीक होत जाणारा तक्ता हर्मन स्नेलन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ साली तयार केला. त्यामागचं गणित साधं आहे. ६/६ च्या ओळीतलं अक्षर ६ मीटरवरून पाहिलं की ते डोळ्यापाशी ५ मिनिटांचा कोन करतं (एका अंशात ६० मिनिटं), आणि त्या अक्षरातली एकेक रेघ १ मिनिटाचा. एवढी बारीक रेघ सुटी दिसली तर नजर ६/६. ६/२४ म्हणजे सर्वसाधारण नजरेच्या माणसाला जे २४ मीटरवरून वाचता येतं, ते वाचायला तुम्हाला ६ मीटरवर यावं लागतं.

अ‍ॅप हाच तक्ता काचेवर दाखवतं. खोलीत ६ मीटर जागा नसते, म्हणून अंतर कमी करायचं आणि अक्षर त्याच प्रमाणात लहान करायचं. ६ मीटरवर ६/६ चं अक्षर ८.७ मिलिमीटर उंच असतं, ३ मीटरवर ४.४, २ मीटरवर २.९. इथवर सगळं ठीक. फोन हातभर अंतरावर, म्हणजे ४० सेंटिमीटरवर आणला की तेच अक्षर ०.५८ मिलिमीटर होतं. इंचाला ४०० ठिपके असलेल्या चांगल्या स्क्रीनवरसुद्धा एवढं अक्षर जेमतेम नऊ ठिपक्यांत बसवावं लागतं आणि त्याची एक रेघ दोन ठिपक्यांचीही भरत नाही. म्हणजे अक्षर मुळातच अस्पष्ट निघतं आणि आपण दोष डोळ्याला देतो. शिवाय चाळिशीनंतर जवळचं दिसणं ही वेगळीच गोष्ट असते. फोन हातात धरून "लांबची नजर" सांगणारं अ‍ॅप मी त्यामुळे सरळ काढून टाकतो.

कोणतं अ‍ॅप घ्यावं

अ‍ॅपच्या दुकानात "डोळे तपासा" एवढं लिहिलं तरी रांग लागते. त्यातली बरीच चष्मे किंवा लेन्स विकणाऱ्यांची असतात, काही "व्यायामाने नंबर घालवा" म्हणणाऱ्यांची. दुसऱ्या प्रकाराकडे वळूनही पाहू नका.

माझ्या माहितीतली दोन नावं भरवशाची. पीक अ‍ॅक्युइटी हे अ‍ॅप नेत्रतज्ज्ञ अँड्र्यू बास्टॉरस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केनियातल्या कामातून उभं केलं. तिथे लोकांच्या घरी जाऊन केलेल्या त्याच्या मोजणीची नेहमीच्या तक्त्यांशी तुलना झाली आणि ते निष्कर्ष २०१५ साली जामा ऑप्थल्मॉलॉजी या नियतकालिकात आले. दुसरं जागतिक आरोग्य संघटनेचं मोफत अ‍ॅप, डब्ल्यूएचओआयज. ते आठ वर्षांवरच्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी आहे, लांबची आणि जवळची अशी दोन्ही नजर त्यात तपासता येते.

तिसरंच काही घ्यायचं असेल तर चार गोष्टी पाहा. ते अंतर स्पष्ट सांगतं का? स्क्रीनचं माप जुळवून घेतं का? दर वेळी अक्षरं किंवा दिशा बदलतं का? (नाही बदलली तर दुसऱ्या डोळ्याच्या वेळेपर्यंत ती पाठ झालेली असतात.) आणि नजर तपासायला त्याला तुमचे फोन नंबर कशाला हवेत? कॅमेरा समजू शकतो, काही अ‍ॅप चेहऱ्यावरून अंतराचा अंदाज घेतात. संपर्कयादी मागितली की नाही म्हणायचं.

पट्टी आणि टेप

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे.

स्क्रीनचं माप जुळवायला चांगली अ‍ॅप बँकेचं कार्ड स्क्रीनवर टेकवायला सांगतात. जगभरात या कार्डाचं माप एकच असतं, ८५.६ बाय ५४ मिलिमीटर, म्हणून ही युक्ती चालते. कार्डाच्या कडा आणि स्क्रीनवरची चौकट बरोबर जुळेपर्यंत घाई करू नका. अ‍ॅप असं काही विचारत नसेल तर स्वतः तपासा. ६/६० चं, म्हणजे सगळ्यात मोठं अक्षर स्क्रीनवर आणा आणि शाळेची पट्टी लावा. चाचणी २ मीटरची असेल तर ते २९ मिलिमीटर भरलं पाहिजे, ३ मीटरची असेल तर ४४. माझ्या एका जुन्या फोनवर ते २५ भरलं होतं. असं झालं की ते अ‍ॅप त्या फोनवर निकामी समजा, मनातल्या मनात हिशोब लावत बसू नका.

आता अंतर. ते मोजायचं डोळ्यापासून स्क्रीनपर्यंत. खुर्चीच्या पायापासून टेबलाच्या कडेपर्यंत नाही. माणूस खुर्चीला पाठ टेकवून बसू दे, टेपचं एक टोक त्याच्या डोळ्याच्या कडेशी, कानशिलावर धरा आणि दुसरं टोक फोन जिथे येणार तिथे न्या. जागा सापडली की जमिनीवर चिकटपट्टीने खूण करा, पुढच्या वेळी हीच खूण कामाला येते. २ मीटरवर २० सेंटिमीटरची चूक झाली तर निकाल दोनेक अक्षरांनी हलतो, ते चालेल. पण ४० सेंटिमीटरच्या चाचणीत माणूस वाकून ३० वर आला तर निकाल एका ओळीहूनही जास्त सुधारतो. आणि माणूस वाकतोच. दिसत नसलं की मान आपोआप पुढे जाते, म्हणून पाठ टेकलेली हवी.

फोनची तयारी थोडक्यात: स्क्रीन पुसून घ्या, प्रकाश आपोआप कमीजास्त होण्याची सोय बंद करा, रात्रीचा पिवळसर फिल्टर आणि गडद रंगसंगती बंद करा, प्रकाश बराच वर ठेवा. खोलीत चांगला उजेड हवा, पण खिडकी किंवा दिवा काचेत चमकता कामा नये. फोन डोळ्यांच्या उंचीला, सरळ उभा.

मदतीला कोणी नसेल तर आरसा वापरता येतो. आरशापासून १ मीटरवर बसून फोन कानाशेजारी, स्क्रीन आरशाकडे करून धरला की डोळ्यापासून आरशातल्या फोनपर्यंतचं अंतर २ मीटर होतं. फक्त डावं-उजवं उलटं दिसतं हे विसरू नका. मी विसरलो होतो, आणि अ‍ॅपने मला जवळजवळ आंधळा ठरवलं.

प्रत्यक्ष चाचणी

सकाळी किंवा दुपारी, डोळे ताजे असताना बसा. तासन् तास स्क्रीन पाहून, रडून, किंवा डोळ्यांत औषध घालून लगेच बसू नका. मधुमेह असलेल्यांची साखर फार वरखाली होत असेल तर नजरही हलते, हे लक्षात असू द्या.

लांबचा चष्मा असेल तर तो लावून तपासा. रोजच्या जगण्यात किती दिसतं, ते त्यातूनच कळतं. हवं तर नंतर चष्म्याविना दुसरी फेरी घ्या. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह काचा असतील तर काचेच्या वरच्या भागातून पाहायचं, हनुवटी उचलायची नाही. फक्त वाचायचा चष्मा असेल तर तो लांबच्या चाचणीला काढून ठेवायचा.

आधी उजवा डोळा, मग डावा. हा रिवाज पाळला तर नंतर कागदावर गोंधळ होत नाही. झाकायचा डोळा तळहाताच्या खोबणीने झाका. बोटांनी झाकलं की फटीतून दिसतं, आणि डोळा दाबला गेला तर हात काढल्यावर मिनिटभर त्याला धुरकट दिसतं, म्हणजे पुढची मोजणी वाया. झाकलेला डोळा आतून उघडाच ठेवायचा. दुसरा डोळा बारीक करायचा नाही. डोळे किलकिले करणं म्हणजे पापण्यांची चिंचोळी फट करून नजर उसनी वाढवणं.

बहुतेक अ‍ॅपमध्ये कंगव्यासारखं तीन दातांचं 'ई' हे अक्षर येतं आणि त्याचे दात कुठे वळलेत ते सांगायचं असतं: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. काहींत तुटक्या कड्यासारखं 'सी' असतं, त्याची फट दाखवायची. लिहितावाचता येण्याची गरज नाही, हा त्याचा मोठा गुण. तोंडाने दिशा सांगायला लावू नका, घाईत डावं-उजवं भल्याभल्यांचं चुकतं. हाताने दाखवू दे. दात जिकडे, तिकडे बोटं. फोन धरणाऱ्याने स्क्रीनकडे न पाहता, समोरच्याचा हात जिकडे तिकडे बोट सरकवायचं. त्याला बरोबर उत्तर माहीत असलं की चेहऱ्यावर उमटतं, आणि म्हातारी माणसं चेहरे फार छान वाचतात.

"दिसत नाही" हे उत्तर पहिल्यांदा ऐकलं की थांबू नका, "अंदाजाने सांग" म्हणा. चार दिशांत नुसत्या अंदाजाने चारात एकदा बरोबर येणारच, अ‍ॅपने तो हिशोब धरलेला असतो. पण न दिसणं आणि खात्री नसणं यांत बराच फरक असतो. आई तीन अक्षरं "दिसत नाही" म्हणून सोडत होती. अंदाजाने सांगायला लावलं तर तिन्ही बरोबर.

प्रत्येक डोळ्याची मोजणी दोनदा घ्या. दोन्हींत एका ओळीपर्यंत फरक आला तर तो धरायचा नाही, तेवढा डॉक्टरांच्या तक्त्यावरही येतो.

आकडे आले, आता?

अ‍ॅप कधी ६/१२ लिहितं, कधी २०/४०, कधी ०.३. तिन्ही एकच. पहिला मीटरचा हिशोब, दुसरा फुटांचा, तिसरा लॉगमार नावाचा, ज्यात ० म्हणजे ६/६ आणि १ म्हणजे ६/६०. लॉगमारमध्ये आकडा वाढला की नजर घटली, हे उलटं असल्याने लोक हमखास फसतात. दर ओळीला ०.१, आणि पाच अक्षरांच्या ओळीत दर अक्षराला ०.०२.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत चांगल्या डोळ्याची नजर ६/१२ हून खाली गेली की दृष्टिदोष सुरू होतो आणि ३/६० हून खाली गेली की अंधत्व म्हणतात. पण ही वर्गवारी लोकसंख्येच्या मोजणीसाठी आहे. घरात मी तीन गोष्टींकडे पाहतो: चष्मा लावूनही कुठला डोळा ६/९ च्या खाली आहे का, दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक आहे का, आणि मागच्या वेळेपेक्षा दोन ओळी घसरल्यात का. यातलं काहीही असलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून तेच आलं, तर डॉक्टरांची वेळ घ्यायची.

त्याआधी एक गंमत करून पाहा. जाड कागदाला टाचणीने साधारण १ मिलिमीटरचं स्वच्छ छिद्र पाडा, कमी दिसणाऱ्या डोळ्यापुढे ते धरा आणि चाचणी पुन्हा घ्या. बारीक छिद्रातून फक्त सरळ येणारे किरण आत जातात, त्यामुळे डोळ्याची भिंगाची चूक बरीचशी झाकली जाते. नजर दोन-तीन ओळी सुधारली तर बहुधा नंबर आलाय किंवा बदललाय. जराही सुधारली नाही तर कारण दुसरं असण्याचा संभव जास्त, उशीर करू नका. आईचा डावा डोळा छिद्रातूनही ६/२४ लाच अडला होता. अर्थात हा इशारा आहे, निदान नव्हे.

नंबर किती, हे मात्र अ‍ॅपला विचारू नका. ६/१२ नजर म्हणजे अमुक नंबर असं कोष्टक नसतं. सिलिंड्रिकल नंबर (डोळ्याचा बाक सगळ्या दिशांना सारखा नसल्याने लागणारा) कुठल्या अंशात आहे हे स्क्रीनवरच्या 'ई' वरून कळत नाही, आणि तरुण डोळा स्वतःच ताण देऊन थोडा प्लस नंबर लपवतो. लहान मुलांना तपासणीआधी थेंब घालतात ते हा ताण सोडवण्यासाठीच. फोनवर नंबर काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये रमेश रासकर यांच्या गटाने २०१० साली 'नेत्रा' दाखवलं, पण त्यात फोनच्या स्क्रीनवर वेगळं भिंगाचं उपकरण बसवावं लागत होतं. नुसत्या अ‍ॅपने ते काम होत नाही.

जवळची नजर, जाळी आणि रंग

जवळच्या चाचणीला वाचायचा चष्मा लावा आणि ४० सेंटिमीटर टेपने मोजा. इथे अ‍ॅप एन ६, एन ८ असे आकडे देतं, ते छापील अक्षराच्या आकाराचे असतात. आकडा जितका लहान तितकं बारीक वाचता आलं. चाळिशी लागलीय का, हे कळायला इतकं पुरे.

अनेक अ‍ॅपमध्ये ॲम्स्लर जाळी असते: उभ्या-आडव्या रेघांचा चौकोन, मध्ये ठिपका. वाचायचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, ठिपक्याकडे पाहत राहायचं. रेघा वाकड्या, लाटेसारख्या दिसल्या किंवा एखादा तुकडा गायब वाटला तर डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग बिघडला असण्याची शक्यता असते. हे मात्र मी फोनवर करत नाही. मूळ जाळी १० सेंटिमीटरची, ५ मिलिमीटरच्या घरांची असते आणि ती ३० सेंटिमीटरवरून पाहायची असते. फोनची रुंदी तेवढी नसते, त्यामुळे जाळी आक्रसते आणि पडद्याच्या त्या मध्यभागाची कड तपासायची राहून जाते. आलेखाच्या कागदावर वीस बाय वीस घरं आखा, मध्ये ठिपका द्या आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

रंगांच्या ठिपक्यांतला आकडा ओळखण्याची चाचणी शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये छापली, कागदावर आणि ठरलेल्या शाईत. प्रत्येक फोन रंग आपल्या मर्जीने दाखवतो. आकडे चुकले तर नीट तपासून घ्या. सगळे बरोबर आले म्हणून नोकरीच्या अर्जात "रंगदृष्टी उत्तम" लिहू नका.

लहान मुलं

मुलाला आधी दोन्ही डोळे उघडे ठेवून 'ई' चा खेळ जवळून शिकवा. मग एक डोळा झाकून. मूल एक डोळा झाकला तर मजेत खेळतं आणि दुसरा झाकला की चिडतं, मान वळवतं, हात बाजूला करून बघतं. असं झालं तर त्याला लबाड म्हणू नका. उघडा राहिलेला डोळा कमी पाहतोय, म्हणून ते चिडतंय. आळशी डोळा, म्हणजे मेंदूने वापरणं सोडलेला डोळा, घरच्यांच्या लक्षात येत नाही तो यामुळेच, आणि त्याचे उपचार वय लहान असतानाच सगळ्यात चांगले लागू पडतात. अशा मुलाला आकडा काहीही आला तरी डॉक्टरांना दाखवा.

फ्लॅश मारून काढलेल्या फोटोंत दोन्ही बाहुल्या लाल दिसणं सामान्य. एक लाल आणि एक पांढरी, असं फोटोमागून फोटोत दिसत असेल तर अ‍ॅप वगैरे बाजूला ठेवून त्याच आठवड्यात तपासणी करा. क्वचित ती डोळ्यातल्या गाठीची पहिली खूण असते.

६/६ येऊनही

काचबिंदू कडेची नजर खात येतो. मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहू शकते, म्हणजे अ‍ॅप आनंदाने ६/६ देत राहील. डोळ्यातला दाब, मधुमेहाने पडद्यावर होणारे सुरुवातीचे बदल, यांतलं काहीच अक्षरांवरून कळत नाही. घरात काचबिंदू असेल, मधुमेह असेल किंवा चाळिशी उलटली असेल, तर निकाल कितीही चांगला आला तरी डोळ्याची आतून तपासणी वेगळी करावी लागते.

आणि काही वेळा चाचणीच करायची नाही. अचानक दिसेनासं होणं, डोळ्यापुढे पडदा उतरल्यासारखं वाटणं, एकाएकी विजा चमकणं किंवा काळ्या ठिपक्यांचा सडा, एकाची दोन दिसणं, लाल आणि दुखरा डोळा, दिव्याभोवती वलयं येऊन डोकं दुखणं, डोळ्यात रसायन जाणं. रसायन गेलं असेल तर आधी स्वच्छ पाण्याने भरपूर वेळ धुवा. मग यातलं काहीही असो, थेट डॉक्टर, त्याच दिवशी.

वही

अ‍ॅप निकाल साठवतात, पण फोन बदलला की तेही जातात. आमच्याकडे एक साधी वही आहे. त्यात दर तीन महिन्यांनी एक ओळ पडते: तारीख, वेळ, अ‍ॅपचं नाव, कुठला फोन, अंतर, चष्मा होता की नव्हता, उजवा, डावा, छिद्रातून किती. आईची पहिली ओळ अशी आहे: "सकाळी ११, २ मीटर, लांबचा चष्मा लावून, उजवा ६/९, डावा ६/२४, छिद्रातून डावा ६/२४, खिडकीचा पडदा ओढलेला." डॉक्टरांनी आकडे वाचले, मान हलवली आणि आपल्या तक्त्यावर पुन्हा सगळं मोजलं. उजवा ६/९ आला, डावा ६/१८.